मदत हवी आहे: एका अर्जात दोन पत्ते, ऐकणाऱ्याला फरक कसा कळवायचा?

नमस्कार मंडळी. एका वसतिगृहाचा ऑनलाइन प्रवेश अर्ज (वेब फॉर्म) तयार करतोय. त्यात कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता. दोन्हीकडे गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. वर ठळक शीर्षक आहे, त्यामुळे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. काल एका दृष्टिहीन मित्राने एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर) लावून टॅब दाबत अर्ज भरायला घेतला. दुसऱ्यांदा ‘तालुका’ ऐकलं आणि थांबला. ‘अरे, हा कुठला तालुका?’ फार वाईट वाटलं.

आता प्रत्येक पत्ता फील्डसेटमध्ये (रकान्यांचा गट करणारा एचटीएमएल टॅग) घालून लेजंड (त्या गटाचं शीर्षक) दिलंय. गटात शिरताना नाव ऐकू येतं. पण सध्याच्या पत्त्यात ‘घर भाड्याचं आहे का?’ असे हो-नाहीचे रेडिओ बटण आहेत. प्रश्नाशिवाय नुसतं ‘हो’ ऐकून काय कळणार? म्हणून त्यांना आत वेगळा फील्डसेट द्यावा, की दोन लेजंड एकापाठोपाठ ऐकून माणूस कंटाळेल?

शिवाय लेजंड सीएसएस ग्रिडच्या मांडणीत नीट बसत नाही. फील्डसेटऐवजी साध्या डिव्ह टॅगला रोल ग्रुप (हा गट आहे असं सांगणारं) आणि एरिया-लेबल्डबाय (गटाला शीर्षक जोडणारं) दिलं तर डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीतल्या १.३.१ ला चालतं, हे माहीत आहे. मोबाइलवर टॉकबॅकमध्ये (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) या दोन्ही पद्धती सारख्याच ऐकू येतात का? स्वतः वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.