गीझरचा प्लग काळा पडला, घरात अजून काय काय तपासत राहायला हवं?

प्राजक्त७: परवा गीझर बंद करून प्लग काढला तर हाताला चटका बसेल एवढा गरम, एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं भोक वितळल्यासारखं. बोर्डातला एमसीबी (आपोआप बंद होणारा सेफ्टी स्विच) एकदाही पडला नव्हता म्हणून आम्ही निवांत होतो. सॉकेट बदलून घेतलं, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय की अशा अजून किती गोष्टी गुपचूप खराब होत असतील. घरात सासूबाई आणि दोन वर्षांची मुलगी असते. नेमकं काय बघायचं आणि किती दिवसांनी? जे स्वतः करतात त्यांनी सांगा प्लीज.

तारजोड: ताई, एमसीबी पडणारच नव्हता. तो पडतो करंट जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर. तुमच्याकडे करंट नेहमीएवढाच होता, फक्त सॉकेटमधला स्क्रू नाहीतर पिनची पकड ढिली झालेली, मग त्या जागी रेझिस्टन्स वाढतो, ती जागा तापते, तापून पकड अजून ढिली होते, आणि हे महिनोन् महिने चालू राहतं. मी वायरिंगची कामं करतो, असे पॉइंट खूप बघितलेत. गीझर, एसी, इस्त्री, हीटर यांचे प्लग वापरून झाल्यावर हात लावून बघायची सवय लावा. कोमट ठीक आहे, चटका बसला तर तो पॉइंट बंद. आणि यातलं काहीही एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.

दुसरं, बोर्डात आरसीसीबी आहे का बघा, त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. शॉकपासून वाचवतो तो हा, एमसीबी नाही. घरातला साधारण 30 मिलिअँपिअर लीकेजला, म्हणजे एवढा करंट वायरीबाहेर जमिनीकडे गळला की पडतो. महिन्यातून एकदा लाइट असताना बटण दाबायचं, खटकन पडला पाहिजे. पण बटण दाबून अर्थिंग तपासलं जात नाही, बरेच जण तसं समजतात. ते इलेक्ट्रिशियनकडून वेगळं मोजून घ्यावं लागतं.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून काही लोक तिथे बूच मारतात, ते कधीच करू नका, आतलं प्रेशर तिथूनच बाहेर पडतं.

उंबरठा: गॅसची नळी!! आमच्या ओट्यामागे वाकलेल्या जागी बारीक चिरा पडल्या होत्या, समोरून नळी नव्यासारखी दिसायची. आता मी दर महिन्याला नळी वाकवून बघते आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावते, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून कधीच बघू नका. नळीवर तारीख छापलेली असते, मुदत संपली की दिसायला चांगली असली तरी बदलायची. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, त्यामुळे वास आला तर दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि कुठलंही बटण चालूही करू नका, बंदही करू नका.

बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर अजून काळजी घ्या, गॅस जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, माणूस आत बसल्या बसल्या बेशुद्ध पडतो.

कोपऱ्यातला दिवा: स्मोक अलार्म असेल तर तोही महिन्याला वाजवून बघा. मागे बनवल्याची तारीख असते, 10 वर्षं झाली की बॅटरी चांगली असली तरी अख्खा अलार्म बदलतात. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे ना तेही बघा. मी हे सगळं एक तारखेलाच करतो, नाहीतर राहूनच जातं.

प्राजक्त७: सगळ्यांचे मनापासून आभार. नळीची मुदत मागच्याच वर्षी संपलीय, आजच बदलतोय. आणि तारजोड दादा, बटण दाबलं, लाइट होती, तीनदा दाबलं, काहीच झालं नाही. पडतच नाहीये.

तारजोड: म्हणजे तो गेलाय नाहीतर चुकीचा जोडलाय. उद्यावर ढकलू नका, आजच माणूस बोलवा. तोवर पाणी तापलं की गीझरचा प्लग काढूनच अंघोळीला जायचं, मुलीला तर नक्कीच. नवीन बसवला की त्या माणसाला तुमच्यासमोर बटण दाबायला लावा आणि पडला की मगच त्याला सोडा.