न्यूटनच्या वलयांच्या मध्यभागी काळ्याऐवजी उजळ ठिपका दिसतो, तरीही वक्रता त्रिज्या बरोबर कशी येते?

प्रश्न – प्रयोगवही

समतल-बहिर्गोल भिंगाची फुगीर बाजू खाली करून ते सपाट काचपट्टीवर ठेवायचे, सोडियमच्या दिव्याचा प्रकाश ४५ अंशांत कललेल्या काचेवरून परावर्तित करून त्यावर सरळ खाली पाडायचा आणि मधल्या हवेच्या थरामुळे दिसणाऱ्या उजळ-काळ्या वलयांचे, म्हणजे न्यूटनच्या वलयांचे, व्यास वरून ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने (पट्टीवर सरकवून अंतर मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शीने) मोजायचे, हा नेहमीचा प्रयोग मी केला. भिंग काचेला जिथे टेकते तिथे हवेच्या थराची जाडी शून्य असते, दोन परावर्तित किरणांपैकी एकात अर्ध्या तरंगलांबीचा जादा फरक पडतो, आणि म्हणून मध्यभागी काळा ठिपका दिसला पाहिजे, असे आम्हाला शिकवले आहे. मला मात्र तिथे चक्क उजळ पिवळा ठिपका दिसला.

तरीही मी मोजमापे पुरी केली. काळ्या वलयांना आतून बाहेर १, २, ३ असे क्रमांक दिले, पाचव्यापासून विसाव्यापर्यंतच्या वलयांचे व्यास मोजले आणि व्यासाचा वर्ग उभ्या अक्षावर, क्रमांक आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढला. बिंदू एका सरळ रेषेत आले. रेषेचा चढ दर वलयामागे २.३६ वर्ग मिलिमीटर आहे, तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर धरली तर त्यावरून वक्रता त्रिज्या (भिंगाची फुगीर बाजू ज्या गोलाचा भाग आहे त्याची त्रिज्या) १०० सेंटिमीटर येते आणि ती स्फेरोमीटर या वक्रता मोजणाऱ्या उपकरणाने काढलेल्या त्रिज्येशी जुळते. परंतु रेषा आरंभबिंदूतून न जाता उभ्या अक्षाला उणे १.५ वर्ग मिलिमीटरपाशी छेदते. मध्यबिंदूच सिद्धांताच्या उलट दिसत असेल, तर त्याच सिद्धांतातून त्रिज्या बरोबर कशी निघते?

उत्तर – अर्धलहर

सिद्धांताला इथे काहीही धक्का लागलेला नाही. तुमचे भिंग काचपट्टीला टेकलेलेच नाही, एवढाच याचा अर्थ आहे. दोहोंमध्ये धुळीचा एखादा कण अडकला असला की भिंग त्या कणाच्या उंचीइतके अधांतरी राहते. ही उंची डोळ्यांना दिसण्यासारखी नसते. एका मायक्रोमीटरची फट राहिली, तरी प्रकाशाला जाऊन-येऊन दोन मायक्रोमीटर अंतर जादा पडते, म्हणजे सोडियमच्या प्रकाशाच्या सुमारे ३.४ तरंगलांबी. मध्यभागी काळे दिसेल की उजळ, हे या आकड्यातला पूर्णांक सोडून उरलेला अपूर्णांक ठरवतो. तो शून्याजवळ असेल तर काळे, अर्ध्याजवळ असेल तर उजळ आणि मधला असेल तर धड ना काळे, धड ना उजळ.

आता त्रिज्येकडे वळू. फट धरून सूत्र मांडले, तर काळ्या वलयासाठी ते असे होते:

व्यासाचा वर्ग = ४ × वक्रता त्रिज्या × (क्रमांक × तरंगलांबी − २ × फटीची जाडी)

फटीचे पद सर्व वलयांना सारखेच लागू आहे. त्यामुळे रेषा खाली सरकते, पण तिचा चढ बदलत नाही आणि त्रिज्या तर चढावरूनच काढायची असते. प्रात्यक्षिकाच्या सूत्रात दोन वलयांच्या व्यासवर्गांची वजाबाकी असते ती याचसाठी. एकाच वलयाचा व्यास सूत्रात घालून त्रिज्या काढणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात आणि त्यांचे उत्तर हटकून चुकलेले असते.

धुळीचीच शंका असेल तर ती तपासणे सोपे आहे. सूक्ष्मदर्शीतून पाहत असतानाच भिंगाच्या वरच्या बाजूवर बोटाने अगदी हलका दाब द्या. फट कमी होऊ लागली की प्रत्येक वलय बाहेरच्या बाजूला पसरते, मध्यभागी नवे वलय उगवते आणि मधला ठिपका आळीपाळीने उजळ आणि काळा होत जातो. दाब काढताच तीच वलये आत येऊन मध्यात विरून जातात. दाब एका कडेला पडला तर मात्र सगळी आकृतीच बाजूला सरकते, तेव्हा त्या सरकण्यावरून काही अनुमान काढू नका.

उत्तर – काचपट्टी

धुळीचे कारण मलाही पटते, पण मध्यबिंदू उजळ दिसण्याच्या आणखी दोन वाटा आहेत आणि त्या बाद केल्याशिवाय निष्कर्षावर येऊ नये.

पहिली वाट म्हणजे आपण पारगत प्रकाशातली वलये पाहत असणे. काचपट्टीखाली पांढरा कागद किंवा चकचकीत पृष्ठ असेल, तर आरपार गेलेला प्रकाश तिथून परत वर येतो आणि त्याची आकृती परावर्तित आकृतीच्या नेमकी उलट, म्हणजे उजळ मध्याची असते. मात्र ती फार फिकी असते. काच आणि हवा यांच्या सीमेवर साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. परावर्तित आकृतीत असे दोन जवळजवळ समान किरण एकमेकांना भिडतात, म्हणून काळी वलये खरोखर काळी दिसतात. पारगत आकृतीत एका भरघोस किरणाला दोनदा परावर्तित झालेला अतिक्षीण किरण भिडतो, त्यामुळे उजळ आणि अंधाऱ्या भागांत जेमतेम फरक जाणवतो. तुमची वलये ठळक असतील तर ही शक्यता सोडून द्या. तरी काचपट्टीखाली काळा कागद घालावाच. त्याने नुकसान काही नाही.

दुसरी वाट अधिक रंजक आहे. मध्य काळा का असतो, याचे कारण त्या अर्ध्या तरंगलांबीत आहे: भिंगाच्या खालच्या पृष्ठावर प्रकाश काचेतून हवेकडे जाताना परावर्तित होतो, तिथे कला (तरंगाची चढ-उताराची अवस्था) बदलत नाही; काचपट्टीच्या वरच्या पृष्ठावर तो हवेतून काचेकडे जाताना परावर्तित होतो, तिथे कला उलटते. हे पाठ करण्याऐवजी असे पाहावे की एकाच जातीच्या दोन काचा पूर्ण चिकटल्या, तर मधली सीमाच नाहीशी होते. सीमा नाही तर परावर्तन नाही आणि परावर्तन नाही तर तिथे काळेच दिसणार. मात्र भिंग एका जातीच्या काचेचे, पट्टी दुसऱ्या जातीच्या काचेची आणि मधल्या द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो हे सांगणारा आकडा) त्या दोहोंच्या मधला असेल, तर दोन्ही परावर्तनांत कला एकतर बदलत नाही किंवा दोन्हीकडे उलटते, आणि मध्य उजळ होतो. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेमके हेच करून दाखवले. त्यांनी क्राउन आणि फ्लिंट काचांमध्ये सॅसाफ्रासचे तेल घातले आणि मध्य उजळ झाला. वलये न्यूटनच्या नावाची, पण त्यांचा तरंगांवर आधारलेला उलगडा या प्रयोगाने पक्का झाला, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

तुमच्या मांडणीत मधे हवाच आहे, त्यामुळे ही वाटही बंद होते. साधे पाणी घातले असते तरी मध्य काळाच राहिला असता, कारण १.३३ हा अपवर्तनांक दोन्ही बाजूंच्या काचेपेक्षा कमीच आहे. फक्त सगळे व्यास सुमारे १.१५ पटीने आक्रसले असते.

पुरवणी – प्रयोगवही

दोघांचेही आभार. दाब देऊन पाहिले तेव्हा वलये खरोखर मध्यातून उगवून बाहेर गेली. मग भिंग आणि पट्टी अल्कोहोलने पुसून, फुंकणीने धूळ उडवून पुन्हा मांडली आणि चौकटीचे स्क्रू आवळले. आता मध्यभागी चांगला मोठा काळा ठिपका आहे. चढ तोच आला. परंतु रेषा आरंभबिंदूतून जाण्याऐवजी आता अधिक ०.९ वर्ग मिलिमीटरपाशी छेदते. हे कसे? शिवाय पहिल्या उणे १.५ वरून धुळीच्या कणाची उंची काढता येईल का?

उत्तर – भिंगघर

स्क्रू जरा जास्तच आवळले गेले आहेत. काच दाबाखाली चेपते. टेकण्याचा बिंदू मग बिंदू राहत नाही, त्याची लहानशी चकती होते आणि भिंगाचा बाकीचा भाग पट्टीच्या थोडा अधिक जवळ येतो. म्हणजे सूत्रातली फट ऋण झाली. तुमचेच आकडे घेतले, तर ०.९ ला ८ आणि १००० मिलिमीटर यांच्या गुणाकाराने भागून सुमारे ०.११ मायक्रोमीटर येते: काचा एकमेकींत इतक्याच 'रुतल्या' आहेत. एवढ्याने टेकलेल्या भागाची त्रिज्या सुमारे ०.३३ मिलिमीटर होते आणि त्यासाठी दोनशे ग्रॅमपेक्षाही कमी वजनाएवढे बळ पुरते, तेव्हा काच कठीण असते म्हणून ती चेपणार नाही, असा समज ठेवू नये. या चेपण्याने आतल्या एक-दोन वलयांचा आकार बिघडतो, म्हणून पाचव्या वलयापासून मोजायला सुरुवात करण्याची तुमची पद्धत योग्यच आहे. स्क्रू सैल करत न्या. काळा ठिपका लहान होत जाईल आणि छेद शून्याकडे येईल.

कणाच्या उंचीबद्दल मात्र उत्तर नकारार्थी आहे आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की भिंग अधांतरी असताना आतली काही वलये मुळी तयारच होत नाहीत. जे काळे वलय तुम्हाला पहिले दिसले, ते खरे तर चौथे किंवा नववे असू शकते, आणि तुम्ही त्याला १ म्हटले. त्यामुळे फटीत मावणाऱ्या पूर्ण तरंगांची संख्या मोजणीतच हरवते आणि छेदात फक्त अपूर्णांक उरतो. निव्वळ धुळीमुळे छेद शून्य आणि उणे २.३६ यांच्या मधेच कुठेतरी येणार, मग कण एक मायक्रोमीटरचा असो वा दहाचा. मध्य अगदी पूर्ण उजळ असेल तेव्हा तो त्याच्या निम्म्यावर, म्हणजे उणे १.१८ च्या आसपास यायला हवा.

तुमचा आकडा उणे १.५ आहे, आणि इथे दुसरे कारण येते. क्रॉसवायरचा, म्हणजे सूक्ष्मदर्शीत दिसणाऱ्या उभ्या-आडव्या तारांचा, छेदबिंदू वलयांच्या मध्यातून न जाता थोडा वरून किंवा खालून सरकत असेल, तर आपण व्यास न मोजता जीवा मोजत असतो. जीवेचा वर्ग म्हणजे व्यासाच्या वर्गातून मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाची चौपट वजा केलेली संख्या. ही वजाबाकीही प्रत्येक वलयाला सारखीच लागते, म्हणून चढाला धक्का लागत नाही, पण छेद खाली ओढला जातो. फक्त ०.२८ मिलिमीटर इतके सरकणे झाले, तरी तुमच्या छेदातले उरलेले ०.३ वर्ग मिलिमीटर भरून निघतात. उलट, ठिपका पुरता उजळ नसून किंचित मंद असेल, तर एकटी धूळसुद्धा उणे १.५ देऊ शकते. एकाच छेदातून या दोन्हींची वाटणी करता येत नाही.

पुढच्या वेळी मोजण्यापूर्वी क्रॉसवायरची उभी तार डाव्या बाजूच्या विसाव्या वलयाला स्पर्शरेषेसारखी लावा, मग स्क्रू फिरवत उजवीकडच्या विसाव्यापर्यंत न्या आणि तिथेही ती तशीच नेमकी टेकते का, आणि आडवी तार मधल्या ठिपक्याच्या बरोबर मध्यातून जाते का, ते पाहा. नंतर डावीकडे वीसच्याही बाहेर जाऊन परत या आणि सर्व वाचने एकाच दिशेने घेत जा, म्हणजे स्क्रूच्या आट्यांमधला ढिलेपणा व्यासात शिरणार नाही.