शेवटचं किती, ते सांगा

कापसाला क्विंटलमागे पन्नास रुपये कमी लावले, तर आपण काट्यापाशी अर्धा तास हुज्जत घालतो. शोरूमच्या गारव्यात समोर चहा आला, की तीच जीभ टाळूला चिकटते. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत घरात दुसरी गाडी आणायची आहे, म्हणून विचारतोय: नवी असो की जुनी, तुम्ही भाव कसा पाडलात? फसला असाल तर तेही लिहा. दुकानाचं नाव मात्र नको.

सुरुवात माझ्यापासून. मी जळगावचा. मागच्या गाडीच्या वेळी ‘थोडं कमी करा’ म्हणत तासभर घालवला आणि दोन हजारांचे फ्लोअर मॅट फुकट मिळाले, एवढीच कमाई. रात्री कोटेशन नीट वाचलं. आरटीओच्या कराला हात लागत नाही. पण खाली विमा 47 हजार, अॅक्सेसरी किट 18 हजार, कोटिंग 6 हजार, हँडलिंग 7 हजार. दुसऱ्या दिवशी ‘कमी करा’ म्हटलंच नाही. फक्त विचारलं, “हे हँडलिंग म्हणजे काय?” पोरगा कागदाकडे बघत राहिला, मग पेनाने खोडलं. कोटिंगही गेलं. विम्याचं कोटेशन बाहेरून आणलं होतं, तेवढ्याच आयडीव्हीचं (म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत तेवढीच), 36 हजारांचं. 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) सक्तीचा आहे आणि त्याचा दर कुठेही गेलं तरी तोच. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि त्यावर चढवलेल्या कव्हरांमध्ये. “बाहेरचा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही, दुरुस्तीचे पैसे आधी तुम्हालाच भरावे लागतील,” शोरूमवाले म्हणाले. कॅशलेस विमा कंपनी आणि गॅरेज यांच्या करारावर असतं, विमा कुणी विकला यावर नाही, हे सांगितल्यावर मॅनेजरच्या केबिनमधून 38 हजारांचा आकडा आला. आता तुमचं येऊ द्या.

धुळे, शिक्षिका
आमच्या ह्यांना दसऱ्यालाच गाडी हवी होती. मुहूर्ताला शोरूममध्ये बसायला खुर्ची मिळत नव्हती, तिथे सूट कोण देणार! मी अडून बसले आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. त्याच गाडीवर 45 हजार कमी. खोट एवढीच, की गाडी सरत्या वर्षात बनलेली, म्हणजे विकताना एक वर्ष जुनी धरणार. आम्ही दहा वर्षं वापरणार, आम्हाला काय त्याचं? दर चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये. आणि पैसे भरायच्या आधी चेसिस नंबर मागा, कधीची बनावट आहे ते त्यावरून निघतं.

अजून एक. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. तरी आम्हाला कोटेशनमध्ये ती घट ‘विशेष सवलत’ म्हणून दाखवली होती. मी म्हटलं, ही तर सरकारने दिली, तुमची कुठे आहे?

सावदा, केळीवाला
मी फसलो, तेही हिशेब येत असताना. “आमच्याकडून कर्ज घ्या, 15 हजार सूट,” म्हणाले. त्यांचा दर 10 टक्के, माझ्या बँकेचा 9. सात लाख, पाच वर्षं. 9 टक्क्यांनी हप्ता 14,531 पडतो, 10 टक्क्यांनी 14,873. महिन्याला 342 रुपये म्हणजे केळीच्या एका घडाचेही नाहीत, असं वाटलं. साठ हप्त्यांचे होतात 20,520. सूट 15 हजारांची! कर्जामागे डीलरला कमिशन असतं, हे मला सही करून झाल्यावर कळलं भो.

पारोळा
चार वर्षं शोरूममध्ये काम केलंय, म्हणून थोडक्यात. महिनाअखेर या, टार्गेट अडलेलं असतं. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचं नाव शेवटपर्यंत काढू नका. आधी नवीचा आकडा कागदावर घ्या, मग जुनीचा. दोन्ही एकत्र बोललात, तर इकडचे वीस हजार तिकडे टाकून आम्ही तुम्हाला खूश करून पाठवायचो.

नवापूर
आमच्याकडून सुरत जवळ. तिथल्या पासिंगची गाडी 60 हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून पेढे वाटले. मग तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), इथे परत रोड टॅक्स, नवा नंबर, एजंट आणि नंदुरबारचे चार हेलपाटे. स्वस्ताई तिथेच जिरली. वरून आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) तसाच! त्याने हप्ते फेडले होते, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 आरटीओत दिलाच नव्हता. तीन महिने त्याच्या मागे फिरलो.

भुसावळ, गॅरेजवाला
जुनी गाडी बघायला लोक मला घेऊन जातात, तेही संध्याकाळी, ड्युटी संपल्यावर. अंधारात काय दिसणार? सकाळी जा, आणि निघालोय म्हणून फोन करू नका. आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिनाची खोड दिसू नये म्हणून मालकाने ते आधीच फिरवून ठेवलंय. उद्या येतो म्हणा.

किलोमीटरच्या काट्यावर माझा भरवसा नाही. टायरवर चार आकडे असतात, 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. गाडी 2017 ची, काटा 31 हजार दाखवतो आणि चारही टायर 2022 चे? मग पहिले टायर एवढ्यात कसे संपले? क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का तेही बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मालकाकडून मागा, तिथे दर खेपेला किलोमीटर लिहिलेले असतात.

आता भाव. मी दोष मालकासमोर बोलत नाही. बाजूला येऊन गिऱ्हाइकाला खर्च सांगतो: क्लच एवढा, टायर एवढे, बॅटरी एवढी. तो आकडा वजा करून बोला. ‘गाडी भंगार आहे’ म्हटलं की मालक चिडतो आणि सौदा फिसकटतो. पैसे देताना गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या घ्याच. विमा 14 दिवसांत नावावर करायला विसरू नका. त्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हणून ‘विमा चालू आहे’ याचे जादा पैसे देताना जपून.

शहादा
आमच्या आप्पांनी उभी हयात बैलबाजारात काढली, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेही घेतले. रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारी पिढी. जुनी कार बघायला त्यांना नेलं, तर मला लाज वाटत होती, कारण ते गाडीभोवती तीन चकरा मारून एक शब्द बोलले नाहीत. विकणारा 4 लाख 10 हजारांवर होता, एसी, म्युझिक, सीट कव्हर, सगळं सांगून थकला. आप्पांनी चहा घेतला आणि चपला घातल्या. तो म्हणाला, 3 लाख 95 करू. आप्पा फाटकापर्यंत गेले. 3 लाख 85. तेव्हा कुठे ते वळले आणि म्हणाले, “कितलाले देशी, ते सांग.” 3 लाख 80 ला सुटली.

मी घरी येईपर्यंत त्यांचं कौतुक करत होतो. पुढच्या महिन्यात दोंडाईच्याजवळ टायर पंक्चर झालं, डिकी उघडली, तर स्टेपनी होती आणि जॅक नव्हता.