सीएफएस आणि हातापायांचा बधिरपणा : तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात चिरलेल्या कोबीवर लाल दिसलं, तेव्हा कळलं की बोट कापलंय. दुखलं काहीच नाही. २०२१ मध्ये कोविड होऊन गेला आणि त्यानंतर मला क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं (सीएफएस, म्हणजे विश्रांतीनेही न जाणारा, महिनोन्‌महिने टिकणारा थकवा) निदान झालं. थकव्याबद्दल सगळे विचारतात. मुंग्या, गार पडलेले तळवे, उभं राहिलं की जांभळी होणारी पावलं यांबद्दल कुणी बोलत नाही. तुम्ही रोजचं कसं निभावता ते इथे लिहा. फसलेले उपायही लिहा, त्यांतूनच मी जास्त शिकले.

एक मात्र आधीच सांगते. अचानक एकाच बाजूचा हात-पाय बधिर झाला, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर ‘आपला नेहमीचाच त्रास’ म्हणून घरी थांबू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

नाशिक, वय ४४

सीएफएस ठरल्यावर मुंग्यांचं खापरही त्याच्याच माथी फुटलं. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी बी-१२ तपासायला लावलं, ते १३८ निघालं, म्हणजे कमी. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, तरी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. इंजेक्शनं सुरू केल्यावर तीन महिन्यांत तळपायांची आग निम्म्याने कमी झाली. थकवा तसाच आहे. साखर, थायरॉइड आणि बी-१२ एकदा बघून घ्याच.

सातारा, शिक्षिका

फळ्यासमोर उभं राहून दहा मिनिटं झाली की पाय मणामणाचे व्हायचे आणि तोंडावरचा शब्द सापडायचा नाही. डॉक्टरांनी आधी आडवं झोपवून नाडी मोजली, मग भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं केलं. ७४ वरून ११२! मोठ्या माणसांत दहा मिनिटांत नाडी तीस किंवा जास्त ठोक्यांनी वाढली, बीपी पडलं नाही आणि त्रास जुना असला, तर त्याला पॉट्स म्हणतात. रक्त पायांत साचतं, वर कमी पोचतं, म्हणून हृदय धावत सुटतं.

पण नाडी ठीक निघाली म्हणजे त्रास खोटा, असं नाही. २०२० च्या एका डच अभ्यासात टेबलावर झोपवून ते टेबल उभं तिरकं केल्यावर मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह सीएफएसच्या रुग्णांमध्ये सरासरी २६ टक्क्यांनी घटला, निरोगी माणसांमध्ये ७. नाडी-बीपी ठीक असलेल्या रुग्णांमध्येही घट दिसली. हे वाचलं त्या दिवशी मी रडले. सात वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते.

आता खुर्चीत बसून शिकवते, ओट्याशी उंच स्टूल आहे, अंघोळही बसूनच. घट्ट मोजे सकाळी अंथरुणातच चढवते. एप्रिल-मेमध्ये ते सोसत नाहीत, तेव्हा पोटाला पट्टा. जास्तीचं मीठ-पाणी मला मानवलं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. माझ्या सासूबाईंना बीपी आहे, त्यांना हाच उपाय बाधेल.

इचलकरंजी, आईसाठी लिहितोय

आईचे पाय बर्फासारखे गार, म्हणून मी रबरी पिशवीने शेक दिला. तिला चटका कळलाच नाही. सकाळी घोट्यावर रुपयाएवढा फोड होता. जखम भरायला पाच आठवडे लागले. आता फक्त लोकरीचे मोजे. पाणी मी कोपराने बघितल्याशिवाय तिच्या पायावर पडत नाही.

लीड्स, इंग्लंड

माझी बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लालबुंद होतात. रेनॉड्स म्हणतात. फ्रीज उघडण्याआधी हातमोजे घालते. इथे मला आधी दर आठवड्याला चालणं वाढवायला सांगितलं होतं आणि मी अंथरुणाला खिळले. २०२१ मध्ये नाइसच्या (उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या) मार्गदर्शक सूचनांमधून तो वाढत्या व्यायामाचा उपचार काढला गेला. रक्ताभिसरणासाठी फिरायला जा असं कुणी प्रेमाने सांगितलं, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं ते बघा. मी पडल्या पडल्या घोटे फिरवते, तेवढंच.

रत्नागिरी, वय २४

माझी एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी) नॉर्मल आली आणि ‘मनाचं आहे’ म्हणून सांगितलं गेलं. नंतर कळलं, ती तपासणी जाड नसांची. बारीक नसांचं दुखणं तिच्यात दिसत नाही, त्यासाठी त्वचेचा तुकडा तपासतात. माझा अजून व्हायचाय.

रात्री फरशी पायाला लागतच नाही, कापसावर चालल्यासारखं होतं. दोनदा पडले. आईने पलंगापासून न्हाणीघरापर्यंत काथ्याची पायपुसणी चिकटपट्टीने पक्की बसवलीत. त्यांची खरखर थोडी तरी जाणवते, आणि पाऊल कुठे पडलं ते अंधारातही कळतं.