छप्पर काढल्याने गाडी हलकी होत नाही
छप्पर काढले की गाडी आपोआप हलकी आणि स्वस्त होते, हे मत मला पटत नाही. बंद गाडीत छप्पर हा सांगाड्याचाच भाग असतो. ते काढल्यावर खड्ड्यातून जाताना गाडी पिळवटू नये म्हणून दारांखालचे उंबरे, तळपत्रा आणि समोरच्या काचेची चौकट मजबूत करावी लागते, आणि त्यात वाचलेले वजन बहुधा परत येते. 2014 साली श्कोडा या मोटार कंपनीच्या चेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव येथील व्यवसाय शिक्षण शाळेच्या 16 विद्यार्थ्यांनी सिटिगो या छोट्या गाडीपासून ‘सिटिजेट’ ही दोन आसनी, उघडी संकल्पना गाडी (विक्रीसाठी नव्हे, कल्पना दाखवण्यासाठीचा नमुना) घडवली, तेव्हा त्यांनाही सांगाडा बळकट करावा लागला. तरुणांची गाडी तरुणांनीच घडवावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. याच कंपनीचा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात आहे. इथल्या आयटीआयच्या मुलांना असे काम मिळावे, असे मला मनापासून वाटते. मात्र मराठवाड्यातील मे महिन्याचे चाळीस अंशांपुढचे ऊन आणि धूळ पाहता, त्यांच्या आराखड्यात झटकन ओढता येणारे कापडी छत, फिक्या रंगाची आसने आणि उलटल्यास डोके वाचवणारी भक्कम कमान आधी असावी. गाडीच्या मागे लावतात तो पंख (स्पॉयलर) नंतर.