पृथ्वीच्या गती शिकवताना आधी काठीची सावली की आधी पृथ्वीगोल?

धागाकर्ता (भूगोल शिक्षक, सातारा)

नववीच्या वर्गात उन्हाळा का येतो, असे विचारले की परिवलन, परिभ्रमण आणि आसाचा साडेतेवीस अंशांचा कल मुखोद्गत असलेली मुलेसुद्धा ‘तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, जेव्हा आपले महाबळेश्वर गारठलेले असते. आणि सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या आरंभी. या गैरसमजाचा दोष मी मुलांना देत नाही. जवळजवळ वर्तुळाकार असलेली कक्षा आपणच फळ्यावर अंड्यासारखी लांबट काढतो.

म्हणून माझे मत असे की, आकृती आणि पृथ्वीगोल नंतर दाखवावेत; आधी मैदानात एक मीटर उंचीची काठी उभी रोवून तिची मध्यान्हीची सावली वर्षभर मुलांकडून मोजून घ्यावी. साताऱ्यात २२ डिसेंबरला ती उत्तरेकडे सुमारे ८७ सेंटीमीटर पडते, विषुवदिनी साधारण ३२, आणि २१ जूनला, आभाळ मोकळे असलेच तर, चक्क दक्षिणेकडे १० सेंटीमीटर. शिवाय येथे मध्यान्ह घड्याळातील बारा वाजता कधीच होत नाही, हेही मुलांना आपोआप कळते. कारण प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची आणि आपण चौऱ्याहत्तर अंशांवर, म्हणजे सरासरी ३४ मिनिटे मागे.

प्रतिसाद १ (विज्ञान शिक्षिका, सांगली)

सर, मोजमापाला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. सावली सरकते यावरून पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नाही. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे मानले तरी तीच सावली तशीच पडेल. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास नावेचा दृष्टान्त दिला: पुढे जाणाऱ्या नावेतून काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. तरीही शंकूच्या, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीचे गणित उत्तम जाणणाऱ्या ब्रह्मगुप्ताने पृथ्वीचे परिवलन नाकारलेच. त्याला जे सावलीतून उमगले नाही, ते चौदा वर्षांच्या मुलाला उमगेल ही अपेक्षा मला जास्त वाटते.

व्यवहाराचेही बोलू. शून्य सावलीचा, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येण्याचा, दिवस सांगलीत आणि साताऱ्यात मे महिन्याच्या पूर्वार्धात येतो, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा ऑगस्टच्या आरंभी, तेव्हा आभाळ झाकलेले.

प्रतिसाद २ (पालक, वाई)

आमच्या मुलीने उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होते असे लिहिले, तर तिच्या आजीने ‘संक्रांतीला’ म्हणून दुरुस्त केले. दोघींचा वाद काठीनेच मिटवला: डिसेंबर संपायच्या आतच सावली आखडू लागली होती. मात्र २२ डिसेंबर आणि संक्रांत यांच्यात हे अंतर पडले कसे, हे काठीला सांगता आले नाही. त्यासाठी पृथ्वीच्या आसाचे सुमारे २६,००० वर्षांचे आवर्तन, म्हणजे परांचन, समजावून सांगावे लागले, आणि तेथे भोवराच कामी आला.

धागाकर्ता

मॅडम, ब्रह्मगुप्ताचा मुद्दा मान्य. सावली सिद्ध काही करत नाही, हे मी आरंभीच लिहायला हवे होते. पण ज्या मुलाने ८७ चे ३२ होताना स्वतः पाहिले आहे, त्याला आसाचा कल हे एका प्रश्नाचे उत्तर वाटते. इतरांना ती पाठ करायची आणखी एक ओळ असते. परिवलनाच्या पुराव्यासाठी फुकोने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेला लंबक आहेच. साताऱ्याच्या अक्षांशावर त्याचे आंदोलन-प्रतल, म्हणजे झोक्याची दिशा, तासाला सुमारे साडेचार अंश वळेल. जिन्याच्या पोकळीत तो टांगण्याचा विचार आहे.

प्रतिसाद १ च्या लेखिका

जरूर टांगा, सर. पण चाळीस मिनिटांच्या तासिकेत जेमतेम तीन अंश होतात. मागच्या बाकांवरच्यांना आधी पुढे बोलवा.