सी विंगमधली तीन फौजी कुटुंबं आणि जूनची शाळा

ए-२०४ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. सी विंगमध्ये यंदा तीन फौजी कुटुंबं भाड्याने राहायला आली आहेत. क्वार्टर मिळेपर्यंत इथेच असतील. पाच मुलं आहेत, पहिलीपासून दहावीपर्यंतची. शाळा पुढच्या आठवड्यात उघडतायत. सोसायटी म्हणून आपण काय करू शकतो? मोकळेपणाने सुचवा. सुप्रभातचे फोटो आज नकोत.

ए-६०२: जय हिंद! रविवारी क्लबहाउसमध्ये सत्कार ठेवू. मुलांना दप्तरं, वह्या, कंपासपेटी. बॅनरचं माझ्याकडे लागलं. साहेब लोक कुठल्या रेजिमेंटचे, सध्या पोस्टिंग कुठे, तेवढं कुणीतरी इथे टाका, म्हणजे नावांसकट छापून घेतो.

बी-५०३ (काकू): बाळा, तुझी भावना पोचली. पण सत्कार नको. आणि कुणाचं पोस्टिंग कुठे, रजेवर कधी येणार, घरात कोण असतं, हे या ग्रुपवर विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. शंभरावर माणसं आहेत इथे, त्यातले निम्मे तर सोसायटी सोडून गेलेत.
आणि दप्तरं आहेत हो त्यांच्याकडे. यांची फौजेतली नोकरी होती तेव्हा दप्तराची अडचण आम्हाला कधी आली नाही. अडचण यायची टीसीची, शाळा सोडल्याच्या दाखल्याची. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना असतो ना, आई-वडील न भेटल्यास कुणाला कळवायचं? त्याची. नवं गाव, यजमान फील्डला (जिथे कुटुंब नेता येत नाही), तिथे कुणाचं नाव लिहायचं? एका शाळेत क्लार्कने तो रकाना रिकामा म्हणून फॉर्म परत केला. शेवटी मी दूधवाल्याचं नाव लिहून आले.

सी-१०२: काकू 😄 दूधवाला!

बी-५०३ (काकू): हसू नको. रोज येणारा तोच एक होता.

ए-४०३: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बदल्या बँकवाल्यांच्या होतात, रेल्वेवाल्यांच्या होतात. आम्ही आलो तेव्हा कुणी बैठक घेतली नव्हती. मग यांच्यासाठीच वेगळं का?

सी-१०२: दादा, आम्ही बँकवालेच. बदलीचा त्रास आम्हाला नवा नाही. पण माझे मिस्टर दुसऱ्या शहरात असले तरी संध्याकाळी फोनवर असतात, शाळेत काही झालं तर रात्रीच्या गाडीने येऊ शकतात. फील्डवरच्या माणसाचा फोन कधी लागेल हे त्याच्या हातात नसतं. फरक तेवढाच आहे, पण तो मोठा आहे. आणि उद्या रेल्वेवाले कुणी आले तर त्यांनाही करू की. कुणी अडवलंय?

ए-४०३: ठीक.

बी-३०४: मी शाळेच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे कागदांचं लिहिते. लांबेल, पण वाचा.
जुन्या शाळेची टीसी हातात असणं वेगळं आणि यू-डायसवरून (सरकारची शाळांची ऑनलाइन नोंद) मूल ‘सुटलेलं’ असणं वेगळं. जुनी शाळा ऑनलाइन जोपर्यंत त्या मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत, टाकत नाही तोपर्यंत नव्या शाळेला त्याचं नाव आपल्याकडे ओढून घेता येत नाही. इथे प्रवेश होतो, मूल वर्गात बसायला लागतं, आणि दोन महिन्यांनी कळतं की नोंद अजून जुन्या शाळेतच आहे. तेव्हा जुन्या शाळेला आत्ताच फोन करा, ‘पेन’ नंबर (मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक) लिहून घ्या.
टीसी दुसऱ्या राज्याच्या स्टेट बोर्डाची असेल आणि प्रवेश इथल्या स्टेट बोर्डाला घ्यायचा असेल, तर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. गाव सोडल्यावर ती मिळवायची म्हणजे वनवास. सीबीएसईतून सीबीएसईला हा त्रास नाही.
टीसी यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. विनाअनुदानित खासगी शाळांना आणि केंद्रीय विद्यालयांसारख्या खास शाळांना मात्र हे कलम लागू नाही, तिथे कलम दाखवून वाद घालू नका, उगाच चहाही मिळणार नाही. पण प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घ्यायला त्याच कायद्याच्या कलम १३ नुसार बंदी आहे, आणि ती खासगी शाळांनाही आहे.

ए-२०४ (सेक्रेटरी): पत्त्याच्या पुराव्याचं काय? आधारवर तर सगळ्यांचे जुनेच पत्ते असणार.

बी-३०४: भाडेकरार चालतो. सोबत सोसायटीच्या लेटरहेडवर राहत असल्याचं पत्र दिलंत तर क्लार्क दुसरा प्रश्न विचारत नाही. शिक्का मात्र ठळक उमटवा.

ए-२०४ (सेक्रेटरी): आज संध्याकाळी तिन्ही पत्रं तयार ठेवतो. फ्लॅटमालकांची एनओसी माझ्याकडे आहेच.

ए-६०२: पण सैनिक स्कूल असतं ना? ते त्यांच्याच मुलांसाठी असेल. तिथे का नाही घालत?

बी-५०३ (काका, काकूंच्या फोनवरून): सैनिक स्कूल हे सैनिकांच्या मुलांचं स्कूल नव्हे. तिथे सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षा असते, शेतकऱ्याचं पोरही बसू शकतं. सातारचं १९६१ साली सुरू झालं, देशातलं पहिलं, तेव्हापासून हेच. फौजींच्या मुलांना तिथे काही जागा राखीव असतात इतकंच. शिवाय निवासी शाळा. पहिलीतल्या पोरीचं तिथे काय करणार?
फौजींना खरा आधार केंद्रीय विद्यालयाचा. त्याची सुरुवातच छावण्यांमधून झाली. १९६३ साली २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ‘सेंट्रल स्कूल’ काढली. त्यांच्या प्रवेशात गेल्या सात वर्षांत वडिलांच्या किती बदल्या झाल्या हे मोजतात. जास्त हिंडलेल्याला आधी जागा. आर्मी पब्लिक स्कूलही आहेत, देशभरात १३० च्या वर. पण घरापासून लांब असलं आणि व्हॅन नसली तर काय उपयोग.

सी-३०२: नमस्कार, मी सी-३०२. काल सेक्रेटरी काकांनी ग्रुपमध्ये घेतलं. सगळं वाचत होते, आधी लिहावं की नाही कळेना. सत्कार नको म्हटल्याबद्दल काकूंचे खूप आभार 🙏
आम्ही महाराष्ट्रातलेच. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. मुलाचं केव्हीमधून (केंद्रीय विद्यालयातून) केव्हीत आहे, त्याचं झालं. सरकारी शाळाच ती, पुस्तकं तीच, गणवेशही तोच. मुलीचं अडलंय. ती तिकडे सीबीएसईच्या खासगी शाळेत होती. इथली शाळा म्हणते दहावीत थेट प्रवेश देत नाही.

बी-३०४: ताई, अर्धंच सांगितलं त्यांनी. दहावी आणि बारावीत सीबीएसई एरवी थेट प्रवेश देत नाही, पण पालकांची बदली हे बोर्डाने मान्य केलेलं कारण आहे. नववीचं गुणपत्रक, टीसी आणि बदलीचा पुरावा जोडून शाळेनेच बोर्डाकडे परवानगी मागायची असते. शाळेला त्याचा कंटाळा येतो, म्हणून ‘होत नाही’ म्हणतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोच मागितली की सूर बदलतो.
एक विचारते, नववीत दुसरी भाषा कुठली होती?

सी-३०२: पंजाबी.

बी-३०४: हं. मग तो कळीचा मुद्दा. नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात, नववीला नोंदवलेले विषयच दहावीला लागतात. बदल हवा असेल तर तोही बोर्डाच्या परवानगीने. अर्जात दोन्ही गोष्टी एकदमच लिहा, प्रवेश आणि भाषा. आधी प्रवेश होऊ दे, भाषेचं पुढे बघू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

बी-५०३ (काका): पोस्टिंग ऑर्डरची कॉपी मात्र व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका वहिनी, शाळेच्या ग्रुपवरही नाही. युनिटचं सर्व्हिस सर्टिफिकेट मागवून घ्या. बहुतेक ठिकाणी त्यावर भागतं. द्यायचं ते हातात द्या.
दहावी-बारावीचं वर्ष असेल तर जुन्या ठिकाणचं क्वार्टर ठेवायची सोय असते, तो विचार केला होता का?

सी-३०२: केला होता काका. पण तिथे आम्ही तिघं, इथे सासूबाई एकट्या आणि त्यांचं ऑपरेशन. दोन्हीकडे घर नाही चालत.

बी-१०१ (बाई): मी आत्ता वाचलं. मुलीचं गणित-विज्ञान बघायला मी आहे. मुलगा सहावीत म्हणजे मराठीही असेलच. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी शिकवावीच लागते. तो घरात मराठी बोलतो?

सी-३०२: बोलतो फर्डा, बाई. लिहायला सांगितलं की हिंदी लिहितो. ‘माझा घर’, ‘माझी पुस्तक’. आणि सी-४०१ मधल्या ताई हिमाचलच्या आहेत. त्यांची दोन्ही मुलं मराठी पहिल्यांदाच ऐकतायत. त्या ग्रुपवर नाहीत, मीच सांगते त्यांचंही.

बी-१०१ (बाई): त्यांना लिपी येते हे मोठं भांडवल. हिंदीची मुलं दोन आठवड्यांत मराठी वाचायला लागतात, ‘ळ’ तेवढा अडतो. खरा घोळ नपुंसकलिंगाचा. तो पाठ करून जात नाही, कानावर पडून जातो, म्हणून त्यांना खाली खेळायला पाठवा. सहावीचं पुस्तक पहिल्या दिवशी पुढ्यात टाकू नका. मी पहिली-दुसरीच्या बालभारतीपासून सुरू करते. बालभारतीच्या साइटवर पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच, माझ्या घरी. फी नाही, पण दांडी चालणार नाही.
आणखी एक. जुन्या वह्या टाकल्या नाहीत ना? तिकडे कुठपर्यंत शिकवलं ते वह्यांतून कळतं. बदलीच्या मुलांचा एखादा धडा दोनदा होतो आणि एखादा कधीच होत नाही. मग सातवीत अपूर्णांक येत नाही म्हणून मूल ‘कच्चं’ ठरतं. ते कच्चं नसतं, त्या महिन्यात ते रेल्वेत असतं. तसंच, आपल्याकडची मुलं चौथीत वर्षभर शिवाजी महाराजांचा इतिहास शिकून पुढे येतात. बाहेरून आलेल्या मुलाला ती नावंच ठाऊक नसतात आणि वर्गात हशा होतो. त्यासाठी गोष्टींची पुस्तकं माझ्याकडे आहेत.

बी-५०३ (काकू): वह्या काळ्या ट्रंकेत असतील, सगळ्यात खाली. ती ट्रंक आधी उघड गं. आम्ही उघडायचोच नाही, पुढच्या बदलीला तशीच जायची.

सी-३०२: 😀 बरोबर ओळखलंत. आजच उघडते.

ए-६०२: बरं, बॅनर रद्द. पण मला काहीतरी काम द्या. खरंच.

सी-१०२: शाळेची पालकसभा असते शनिवारी सकाळी. वहिनींच्या दोन मुलांच्या दोन शाळा, एकाच वेळी सभा. एका ठिकाणी जाशील? नोट्स काढून आणायच्या, भाषण करायचं नाही.

ए-६०२: जातो. पण मला आत घेतील?

बी-३०४: ताईंनी शाळेला आधी चिठ्ठी दिली तर घेतील. सही आईची पुरते, ‘वडिलांना घेऊन या’ म्हणाले तर वाद घालू नका, मला फोन करा. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं ती नावंसुद्धा चिठ्ठीत लिहा, फोटोसकट.

बी-५०३ (काकू): आमची दोघांची नावं घाल. आम्ही घरीच असतो.

सी-३०२: घालते काकू. थोडं आणखी बोलू का? मदतीचं नाही, वेगळंच.
सीमेवर काही झालं की लिफ्टमध्ये लोक मुलाला विचारतात, पप्पा तिकडेच आहेत ना? प्रेमाने विचारतात, माहीत आहे. पण तो घरी येऊन जेवत नाही. ‘पप्पा कधी येणार’ हेही नका विचारू. रजा दोनदा रद्द झाली की तो प्रश्न त्याला नकोसा होतो. त्याला क्रिकेटबद्दल विचारा, तासभर बोलेल. आणि त्याचे पप्पा रजेवर आले आणि तो दोन-चार दिवस शाळेत दिसला नाही, तर तेवढं समजून घ्या, बाई.

बी-१०१ (बाई): त्या दिवसांत माझ्या वर्गालाही सुट्टी. बाकी दांडीचा नियम कायम.

सी-१०२: माझा मुलगा त्याच केव्हीत सातवीत आहे. पहिले काही दिवस दोघं बरोबर जातील. डबा खायची जागा, पाण्याचा नळ, कुठल्या सरांसमोर पळायचं नाही, हे मुलंच मुलांना सांगू शकतात. मी सांगितलंय त्याला, ‘त्याला सांभाळ’ असं नाही, ‘तुमच्या टीमला बोलर मिळालाय’ असं.

ए-२०४ (सेक्रेटरी): छान. व्हॅनचं राहिलं. व्हॅनवाला म्हणतो सी विंगपर्यंत आत येतो, पण वळायला जागा नाही. वळणावर सकाळी एक पांढरी गाडी असते.

ए-४०३: माझी आहे. माझी जागाच ती आहे, पावती दाखवू का?

ए-२०४ (सेक्रेटरी): जागा तुमचीच, दादा. सकाळी सहा पन्नास ते सात पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावाल का, एवढंच विचारतोय.

ए-४०३: मी रोज सव्वासहाला पोहायला जातो. परत येताना पाहुण्यांच्या जागेत लावेन, सात वाजता हलवेन. पण व्हॅनवाल्याला सांगा, खाली येऊन हॉर्न वाजवायचा नाही. आईला झोप लागलेली असते.

ए-२०४ (सेक्रेटरी): सांगतो. वॉचमनला इंटरकॉमवरून कळवायला सांगतो, हॉर्न नाही.

सी-३०२: मुलं पाच मिनिटं आधीच खाली असतील दादा. शिस्तीत वाढलीत.

ए-४०३: मग प्रश्नच नाही. व्हॅनमध्ये अजून एक जागा असेल तर कळवा, माझ्या भाचीलाही त्याच रस्त्याने जायचंय.